‘मला तुझी आठवण येते’ हे वाक्य फ्रेंचमध्ये दरवेळी का चुकते, आणि ते दुरुस्त कसे करावे

नौपाड्यातील माझ्या घरी दर शनिवारी फ्रेंचचा लहानसा वर्ग भरतो. अकरावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलेली मुले, ऐरोली-महापेला नोकरी करून डेल्फ परीक्षेची तयारी करणारी तरुण मंडळी, आणि ज्यांची नातवंडे परदेशात वाढत आहेत असे एक-दोन आजी-आजोबा, असा तो संमिश्र कारभार आहे. ओळख करून देणे, बाजारहाट, रस्ता विचारणे येथपर्यंत सगळे सुरळीत चालते. ‘लहानपणीची एक आठवण लिहा’ असे सांगितले की मात्र प्रत्येक तुकडीत त्याच चुका जवळजवळ त्याच क्रमाने उगवतात. लाल शाईने दुरुस्त केल्या तरी पुढच्या महिन्यात परत येतात. म्हणून त्या का येतात आणि कशा घालवाव्यात, हे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

सुरुवात वर्गातल्या एका आजोबांपासून करते. त्यांची लेक मॉन्ट्रियलला असते. तिच्याकडे गेले असताना त्यांनी तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर ‘ज म सुव्हियँ’ ही अक्षरे पाहिली. ते क्वेबेक प्रांताचे बोधवाक्य आहे, आणि १९७८ पासून तिथल्या गाड्यांच्या पाट्यांवर ते छापले जाते. ‘मला आठवते’ असा त्याचा अर्थ कोणीतरी सांगितला आणि आजोबांनी तो मनात पक्का केला. ठाण्याला परतल्यावर नातीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात त्यांनी मोठ्या हौसेने लिहिले, ‘ज म सुव्हियँ द त्वा’. त्यांच्या मनात होते, ‘मला तुझी फार आठवण येते’. फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या नातीने वाचले, ‘तू कोण ते मला आठवते आहे’. तिने आईला विचारले, आजोबा मला विसरले होते का?

व्याकरणाच्या दृष्टीने आजोबांच्या वाक्यात एकही चूक नव्हती. चूक त्याच्या आधीच, मराठीतच झाली होती. आपण ‘आठवण’ या एका शब्दात जे पाच-सहा भाव कोंबतो, त्यांना फ्रेंचमध्ये वेगवेगळी क्रियापदे आहेत, आणि कोणता भाव हवा आहे हे न ठरवताच आपण शब्दकोश उघडतो. दुसरे कारण असे की बहुतेक जण मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेतात आणि तिथून फ्रेंचमध्ये आणतात. या विषयात हा वळसा विशेष महाग पडतो, कारण आठवणी सांगण्याच्या बाबतीत मराठी आणि फ्रेंच यांच्या सवयी अनेक ठिकाणी जुळतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी इंग्रजी वेगळी चालते.

उच्चारांविषयी थोडेसे. खाली फ्रेंच शब्द देवनागरीत दिले आहेत, त्यामुळे उच्चार साधारणच कळतील. ‘ज’ हा ‘जहाज’मधला नाही. ‘श’ म्हणताना घशातून नाद काढला की जो ध्वनी निघतो, तो. चंद्रबिंदू किंवा अनुस्वार असलेले स्वर नाकातून म्हणायचे आणि शेवटी ‘न’ किंवा ‘म’ वाजू द्यायचा नाही.

आधी मराठी वाक्य तपासावे

‘मला त्याचे नाव आठवते’ या वाक्यात स्मृतीतून काहीतरी वर येते. येथे ‘स सुव्हनीर द’ (पाटीवरचे ‘ज म सुव्हियँ’ हे त्याचेच ‘मी’चे रूप) किंवा ‘स रापले’ चालते. ‘मला आईची आठवण येते’ या वाक्यात आई विसरलेली नाही, ती जवळ नाही याची हुरहुर आहे. येथे ती दोन्ही क्रियापदे बाजूला ठेवून ‘माँके’ हे क्रियापद घ्यावे लागते. ‘मला दूध आणायची आठवण कर’ हे तिसरे. ‘निघताना किल्ली घ्यायची आठवण ठेव’ हे चौथे, आणि तिथे फ्रेंच माणूस आठवणीचे नावच काढत नाही. तो ‘नुब्ली पा’ म्हणजे ‘विसरू नको’ म्हणतो, किंवा ‘पाँस आ’ म्हणजे ‘याचा विचार कर’ म्हणतो. ‘आजीची आठवण म्हणून ही वाटी ठेवली आहे’ ही पाचवी, आणि ती वस्तू आहे: ‘अँ सुव्हनीर’.

सर्वांत जास्त गोंधळ पहिल्या दोहोंत होतो. ‘मला आईची आठवण येते’ हे वाक्य ‘मा मेर म माँक’ असे होते. ‘माँके’चा मूळ अर्थ उणे असणे, कमी पडणे. म्हणजे वाक्य शब्दशः ‘आई मला उणी आहे’ असे आहे, आणि जरा वळवले तर ‘आईची मला उणीव भासते’ हे आपले नेहमीचे वाक्य तयार होते. जिची उणीव आहे ती कर्त्याच्या जागी, आणि ज्याला हुरहुर आहे तो ‘मला’च्या जागी. मराठी माणसाला ही रचना परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. तरीही दर तुकडीत कोणीतरी ‘ज मांक मा मेर’ असे काहीतरी लिहितेच, कारण इंग्रजीत ‘मी’ कर्ता असतो आणि हात आपोआप ‘मी’पासून सुरुवात करतो.

मी स्वतः शिकत असताना फ्रान्समधल्या एका पत्रमैत्रिणीला ‘ज त माँक बोकु’ असे लिहून पाठवले होते. मला म्हणायचे होते, ‘मला तुझी फार आठवण येते’. मी लिहिले होते, ‘तुला माझी फार आठवण येते’. तिने सभ्यपणे उत्तर दिले की हो, थोडीशी येते. त्या उत्तरातली गंमत मला दोन वर्षांनी कळली.

म्हणून वर्गात एक साधी चाचणी ठेवली आहे. मराठी वाक्यातली ‘आठवण येते’ काढून तिथे ‘उणीव भासते’ घालून पाहावे. अर्थ टिकला तर ‘माँके’ घ्यावे, आणि ज्याची उणीव आहे त्याला कर्ता करावे. अर्थ मोडला, जसे ‘मला त्याच्या फोन नंबरची उणीव भासते’ असे काहीतरी हास्यास्पद झाले, तर ‘स सुव्हनीर द’कडे जावे. आजोबांचे वाक्य या चाचणीतून काढले की ‘त्यु म माँक’ मिळते, आणि नातीच्या मनात शंका येत नाही.

यात एक गमतीचा फसवा भाग आहे. ‘सुव्हनीर’ या शब्दाच्या पोटात ‘व्हनीर’ म्हणजे ‘येणे’ दडलेले आहे. लॅटिन ‘सुबवेनिरे’पासून तो आला, आणि मनात येणे हा अर्थ त्याला तिथेच मिळाला. जुन्या फ्रेंचमध्ये तर ‘इल म सुव्हियँ’ म्हणजे अक्षरशः ‘मला आठवते’ अशी रचना होती. आज ती जुन्या वळणाच्या लेखनात किंवा कवितेतच भेटते, आणि बोलण्यात ‘ज म सुव्हियँ’ने तिची जागा घेतली आहे. हे कळल्यावर विद्यार्थ्यांना वाटते की ‘आठवण येते’ला हाच शब्द असणार. शब्दाचे पोट जुळते, पण भाव जुळत नाही.

‘द’ कुठे लावावा, कुठे लावू नये

दुसरी तक्रार अशी असते की ‘आठवते’चे क्रियापद बरोबर निवडले तरी वाक्यात ‘द’ हा छोटा शब्द सुटतो किंवा नको तिथे घुसतो. ‘स सुव्हनीर’ला ‘द’ लागतो: ‘ज म सुव्हियँ द स जुर’, तो दिवस मला आठवतो. ‘स रापले’ला ‘द’ लागत नाही: ‘ज म रापेल स जुर’. अर्थ एकच, बांधणी दोन. क्वेबेकच्या पाटीवर ‘द’ नाही, कारण तिथे काय आठवते ते सांगितलेलेच नाही. म्हणून ती पाटी पाहून ‘द’ सोडून देण्याचा मोह टाळावा.

प्रत्यक्ष बोलताना फ्रेंच लोक ‘ज म रापेल द’ सर्रास म्हणतात, आणि चित्रपट पाहून शिकणारे विद्यार्थी मला हे ऐकवतात. १६३५ साली स्थापन झालेली आकादेमी फ्रांसेझ ही फ्रेंच भाषेच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणारी संस्था मात्र हा प्रयोग अशुद्ध मानते. माझा सल्ला असा: मित्रांशी बोलताना कोणी अडवणार नाही, पण परीक्षेच्या कागदावर जोखीम घेऊ नये. खरे तर नवशिक्याने ‘स रापले’च्या वाट्याला फारसे जाऊच नये. ‘तू मला आठवतोस’ असे म्हणायचे झाले तर ‘स रापले’ने ते सांगताच येत नाही, ‘ज म त रापेल’ अशी जुळणी फ्रेंचमध्ये बसत नाही. तिथे ‘ज म सुव्हियँ द त्वा’च लागते. मग एकच क्रियापद पक्के केले तर काय बिघडले?

त्यात आणखी एक वेढा आहे. ‘म’ काढून ‘त’ घातला की ‘ज त रापेल’ होते, आणि रोजच्या बोलण्यात त्याचा पहिला अर्थ ‘मी तुला परत फोन करतो’ असा आहे. ‘रापेल-म्वा’ हे ‘मला परत फोन कर’ असेही होते आणि ‘मला आठवण कर’ असेही. त्याच्यापुढे काय करायचे ते आले की अर्थ उलगडतो: ‘रापेल-म्वा दाश्ते द्यु ले’, मला दूध आणायची आठवण कर. आणि ‘सा म रापेल मों-नाँफाँस’ म्हणजे ‘यावरून मला माझे बालपण आठवते’. घंटाळीतून जाताना कुठून तरी उकडीच्या मोदकांचा वास आला की म्हणायचे वाक्य ते हेच.

‘द’ पक्का झाला की उरलेले दोन धागे आपोआप सुटतात. ‘ते मला आठवते’ म्हणताना ‘द’ असलेले क्रियापद ‘आँ’ घेते: ‘ज माँ सुव्हियँ’. आणि ‘जे घर मला आठवते’ म्हणताना ‘क’ऐवजी ‘दों’ येते: ‘ला मेझों दों ज म सुव्हियँ’. ‘द’ विसरणारा विद्यार्थी या दोन्ही ठिकाणी हमखास अडखळतो, म्हणून मी या चुका वेगळ्या धरत नाही.

‘पाहिल्याचे आठवते’ यासारख्या वाक्यांची भीती मात्र विनाकारण बाळगली जाते. मराठीत ‘-ल्याचे’ आले आणि आठवणारा व कृती करणारा एकच असला, की फ्रेंचमध्ये ‘द’ आणि त्यापुढे भूतकाळाचे क्रियापदरूप; करणारा दुसरा असला तर ‘क’ घालून पूर्ण वाक्य. ‘तुला पाहिल्याचे मला आठवते’ हे ‘ज म सुव्हियँ द ताव्ह्वार व्ह्यु’. आपल्याकडे ही रचना तोंडात बसलेली आहे, फक्त तिची फ्रेंच जोडी ओळखायची आहे.

जायचो की गेलो

आता सर्वांत जुना रोग. आठवण भूतकाळात सांगतात, आणि फ्रेंचमध्ये रोजच्या वापराचे दोन भूतकाळ आहेत: ‘अँपार्फे’ आणि ‘पासे कोंपोझे’. कोणता कुठे, या प्रश्नावर विद्यार्थी वर्षानुवर्षे अडकतात. पुस्तकात नियम दिलेले असतात, सवय, पार्श्वभूमी, वर्णन, एकदाच घडलेली कृती वगैरे. ते नियम बरोबरच आहेत. पण वाक्य लिहिताना ते आठवत नाहीत, आणि मराठी माणसाला त्यांची तितकी गरजही नाही.

मराठीत आपण ‘जायचो’ आणि ‘गेलो’ यांत कधीही गल्लत करत नाही. ‘दर रविवारी आम्ही तलावपाळीला जायचो’, आणि ‘एकदा आम्ही येऊरला गेलो’. पाच वर्षांचे मूलही ‘दर रविवारी एकदा गेलो’ असे म्हणत नाही. या ‘जायचो’ला, किंवा लेखी ‘जात असू’ला, फ्रेंचमध्ये ‘अँपार्फे’ द्यावे: ‘तु ले दिमाँश, ओं-नाले ओ लाक’. ‘गेलो’ला ‘पासे कोंपोझे’ द्यावे: ‘अँ जुर, ओं-ने ताले आ येऊर’. ‘जात होतो’ हेही ‘अँपार्फे’कडेच जाते. इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात दोन्हींसाठी एकच साधा भूतकाळ चालून जातो, म्हणून त्या वाटेने आलेल्या विद्यार्थ्याला फरक दिसतच नाही.

‘कळले’ आणि ‘माहीत होते’ यांतही हीच जोडी आहे. ‘मला माहीत होते’ म्हणजे ‘ज साव्हे’, आणि ‘मला कळले’ म्हणजे ‘जे स्यु’. ‘पाऊस पडत होता’ म्हणजे ‘इल प्लव्हे’, आणि ‘पाऊस पडला’ म्हणजे ‘इल आ प्ल्यु’. मराठी जिथे भेद करते, तिथे बहुधा फ्रेंचही करते.

ही किल्ली बहुतेक कुलपे उघडते, सगळी नव्हे. ‘होतो’ या रूपाने दगा दिला तर आश्चर्य वाटू नये. ‘मी लहान होते’ म्हणजे ‘जेते पतीत’, येथे ‘अँपार्फे’ बरोबर आहे. पण ‘मी दहा वर्षे डोंबिवलीत होते’ या वाक्यात काळ मोजून बंद केलेला आहे. अशा ठिकाणी ‘होते’ असूनही ‘पासे कोंपोझे’ येते: ‘जे आबिते दि-झाँ आ डोंबिवली’. तीच गोष्ट संख्येची. ‘तीन वेळा गेलो’ ही पुनरावृत्ती आहे, पण मोजलेली, म्हणून ‘पासे कोंपोझे’. मोजमाप दिसले की थांबून पाहायचे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

‘दहा वर्षांपूर्वी’ आणि ‘दहा वर्षांपासून’ यांचा घोळ मात्र तेवढा वेळ देण्यासारखा नाही. पूर्वी म्हणजे ‘इल या’, पासून म्हणजे ‘दप्युई’. ‘मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहते’ हे वाक्य मराठीत वर्तमानकाळात आहे आणि फ्रेंचमध्येही: ‘जाबीत आ ठाणे दप्युई दि-झाँ’. इंग्रजी मनातून बाजूला काढली की प्रश्नच उरत नाही.

‘मेम्वार’ आणि ‘सुव्हनीर’

निबंधात ‘माझ्याकडे लहानपणीच्या चांगल्या स्मृती आहेत’ अशा वाक्यासाठी विद्यार्थी ‘मेम्वार’ शब्द वापरतात, कारण तो ओळखीचा वाटतो. ‘ला मेम्वार’ म्हणजे स्मरणशक्ती, ती एकच असते. आठवणी म्हणजे ‘ले सुव्हनीर’. ‘माझ्या मनात ठाण्याच्या शाळेची छान आठवण आहे’ यासाठी ‘ज गार्द अँ बों सुव्हनीर द मों-नेकॉल आ ठाणे’. बोलता बोलता काही आठवेनासे झाले तर ‘जे अँ त्रु द मेम्वार’, म्हणजे स्मरणशक्तीला भोक पडले आहे; तोंडी परीक्षेत दोन क्षण मिळवायला हे वाक्य फार उपयोगी पडते. लिंगाकडेही लक्ष द्यावे, कारण ‘ल मेम्वार’ असे पुल्लिंगी म्हटले की तो विद्यापीठाला सादर करायचा प्रबंध होतो.

डेल्फच्या बी-१ पातळीला किमान १६० शब्द लिहावे लागतात, आणि तिथे या सगळ्या गोष्टी एकाच वेळी समोर येतात. म्हणून मी नियमांऐवजी एक सराव देते. घरातल्या आजीला किंवा शेजारच्या काकूंना जुनी एखादी गोष्ट सांगायला लावावी आणि ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. नंतर ऐकताना प्रत्येक ‘-यचो’, ‘-यची’ खाली एक रेघ आणि प्रत्येक साध्या भूतकाळाखाली दोन रेघा माराव्यात. ‘आठवण’ जिथे आली असेल तिथे उणिवेची चाचणी लावावी. त्यानंतरच फ्रेंच लिहावे. एका विद्यार्थिनीची वही अशी होती:

‘मी लहान असताना दर रविवारी आजीबरोबर तळ्यावर जायची. आम्ही भेळ खायचो, नावेतून एक फेरी मारायचो. एके संध्याकाळी पाऊस पडला आणि आम्ही नाट्यगृहासमोर थांबलो. तिने मला एक गोष्ट सांगितल्याचे आठवते, पण ती गोष्ट आता आठवत नाही. मला तिची फार आठवण येते.’

त्याचे फ्रेंच: ‘काँ जेते पतीत, जाले ओ लाक तु ले दिमाँश आव्हेक मा ग्राँ-मेर. ओं माँजे द्यु भेळ ए ओं फझे अँ तुर आँ बार्क. अँ स्वार, इल आ प्ल्यु ए ओं-ना आताँद्यु दव्हाँ ल तेआत्र. ज म सुव्हियँ केल मा राकोंते युनिस्त्वार, मे ज न म सुव्हियँ प्ल्यु द लिस्त्वार. एल म माँक बोकु.’

पाच मराठी वाक्ये, आणि त्यांत ‘आठवण’ तीन वेळा: दोनदा ‘सुव्हियँ’, एकदा ‘माँक’. खायचो आणि मारायचो ‘अँपार्फे’त गेले, पडला आणि थांबलो ‘पासे कोंपोझे’त. (‘आ प्ल्यु’ म्हणजे पाऊस पडला आणि ‘न… प्ल्यु’ म्हणजे आता नाही. दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि श्रुतलेखनात मुले दोहोंतही पाऊस पाडतात.)

एवढे करूनही चूक राहिली तर

बहुतेक वेळा ती ‘माँके’च्या रूपात राहते. कर्ता बदलला की क्रियापद बदलते, आणि येथे कर्ता ‘मी’ नसल्यामुळे ते ध्यानात येत नाही. ‘मित्रांची आठवण येते’ यात मित्र अनेक, म्हणून ‘मे-झामी म माँक’ लिहिताना शेवटी अनेकवचनाची अक्षरे लागतात, जरी ती उच्चारात ऐकू येत नाहीत. ‘तुम्हा सर्वांची’ म्हटले की मात्र रूप कानाला कळेल इतके बदलते.

आजोबांनी या जूनमध्ये पुन्हा पत्र लिहिले. नातीला आता धाकटा भाऊही आहे, म्हणून या वेळी दोघांना मिळून लिहिले, ‘व्हु म माँक’. चाचणी लावली होती, कर्ता बरोबर होता, ‘म’ बरोबर होता. नातीने त्याच कागदाचा फोटो परत पाठवला. त्यात शेवटच्या शब्दापुढे पेन्सिलने एक अक्षर जोडले होते, म्हणजे ‘माँक’चे ‘माँके’ झाले होते.